दोन रिकाम्या पिना

१० नोव्हेंबर २०२४, रविवार. सकाळी ७.४०

कालचा ओझरच्या साखरपुड्यातला आमच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम उत्तम झाला. माझ्यामुळे वाचला.

गणेशवंदना चालू असताना मुलीचे मामा फोटो काढायला स्टेजवर चढले आणि त्यांचा पाय माझ्या एक्स्टेन्शन बोर्डाला लागला. फूट कंट्रोलरचा अ‍ॅडॉप्टर निघाला. फूट कंट्रोलर म्हणजे काय हे बायकोला, मीनाला, सांगून सांगून थकलो, म्हणून इथे एकदाच नीट लिहितो. पायाशी ठेवलेली दहा बटणांची पट्टी. बटणावर पाय दिला की मिडी केबलमधून मागच्या प्रोसेसरला निरोप जातो आणि गिटारचा आवाज बदलतो. पट्टीचा करंट गेला आणि आवाज होता तिथेच अडकला, हेवी डिस्टॉर्शनवर, म्हणजे रॉकवाल्या फाटलेल्या आवाजावर. अख्खी गणेशवंदना मी डिस्टॉर्शनमध्ये वाजवली. पाचशे माणसांत एकालाही खटकलं नाही. हात असा पाहिजे.

आज आंघोळ करताना उपाय सुचला. मिडी केबलला पाच पिना असतात. निरोप नेतात त्यातल्या तीनच. उरलेल्या दोन जन्मापासून बसून खातात. त्यांना कामाला लावायचं. मागून त्या दोन पिनांत नऊ व्होल्ट सोडायचे, पुढे पट्टी आपोआप चालू. एकच केबल. ना अ‍ॅडॉप्टर, ना बोर्ड, ना मामा.

संकल्प: ३० तारखेपर्यंत तयार. पेटंटचं नंतर बघू.

शिवाय: दुकानात आलेली नवसाबाईंच्या विहिरीवरची जळालेली मोटार उद्या नवी तार भरून द्यायची. पक्कं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

मीनाला कल्पना सांगितली. ती मेथी निवडत होती. सगळं ऐकून तिने विचारलं की त्या पट्टीला खालून सेल टाकायची जागा आहे ना, मग सेल का नाही टाकत. मी हसलो. सेल हौशी लोक टाकतात. जेल रोडला सव्वीस वर्षं मोटार वाइंडिंगचं दुकान चालवणारा माणूस सेल टाकणार?

मीनाला ऑर्केस्ट्रात मीच आणलं. आवाज बरा आहे. मागे माझी गिटार असल्यामुळे भरल्यासारखा वाटतो. ती हे कधी बोलून दाखवत नाही, पण तिला माहीत असणार.

मोटार राहिली. तांब्याची तार आणायला जायचं होतं, पण केबलवर विचार चालू होता.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

मखमलाबादला फकिराभाऊंच्या शेडमध्ये प्रॅक्टिस. फकिराभाऊंचा फुलांचा मळा आहे. लग्नांना झेंडू-शेवंती पुरवतात, आणि फुलांबरोबर आमचा ऑर्केस्ट्राही. स्वतः ऑक्टोपॅडवर ठेका वाजवतात आणि मिक्सर शेजारी ठेवून सगळ्यांचा आवाज सांभाळतात. त्यांची आई लंकाबाई तिथेच खाली बसून हार ओवते.

माझी कल्पना सगळ्यांना सांगितली. कीबोर्डवाली चैताली म्हणाली की ही गोष्ट जुनीच आहे, तिला फँटम पॉवर म्हणतात, आणि काही पट्ट्या कंपनीतूनच तशा येतात. चैताली चोवीस वर्षांची. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, अंबडला एका कारखान्यात सर्किट तपासते. पहिल्या दोन वर्षांच्या पगारातून तिने तो कीबोर्ड घेतला. त्याला मऊ फडक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन रिक्षाने येते. तिला नाव माहीत आहे. मला काम माहीत आहे. दोन्हींत फरक आहे.

तिने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक, बाजारातल्या बऱ्याच केबलींत आत तीनच तारा असतात, त्यामुळे त्या दोन पिना नुसत्या शोभेच्या. दोन, मिडीच्या पिनांचे नंबर ओळीने नसतात. एकच्या शेजारी चार, मग मधोमध दोन, असं काहीतरी. मी मान डोलावली. पोरीचं मन मोडू नये.

१६ नोव्हेंबर, शनिवार

केबल कापली. आत तीन तारा. केबल बनवणाऱ्यांनी जगाला फसवलंय, आणि हे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

निर्णय: केबल स्वतः बनवायची.

नवसाबाई पळशाहून दुकानात आल्या. म्हणाल्या, कोबीला आठ दिस झाले पाणी नाय. मी सांगितलं की घाईत भरलेली मोटार पुन्हा जळते, माझ्याकडे काम गॅरंटीचं असतं. त्या थोडा वेळ बाकावर बसल्या आणि गेल्या. समजूतदार बाई.

उद्या मोटार.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळीच शाई लावून आलो आणि दिवसभर काम केलं. पाच तारांची पंधरा मीटर वायर, दोन्ही टोकांना पाच पिनांचे प्लग. पिना इतक्या जवळ की चष्म्यावर चष्मा लावला. पहिला प्लग वितळला. दुसराही वितळला. तिसरा जमला. पिना मी माणसासारख्या मोजल्या, एक, दोन, तीन, चार, पाच. पट्टी आतून उघडून तिच्यातही त्याच हिशोबाने तारा जोडल्या. मागचा सप्लाय बॉक्स मीनाच्या जुन्या प्लॅस्टिकच्या डब्यात बसवला. डब्याला सारखे दिसणारे दोन सॉकेट. एका सॉकेटमधून पट्टीकडे करंट जातो, दुसऱ्यातून प्रोसेसरकडे नुसता निरोप.

४.१५ ला पट्टीचा दिवा लागला.

मीनाला हाक मारली. ती हात पुसत आली. तोवर दिवा विझला.

कारण लगेच कळलं. वायर बारीक आणि लांब. निघताना नऊ व्होल्ट, पोचेपर्यंत सहा. शेताच्या टोकाला व्होल्टेज पडलं की आपण काय करतो? वाढवतो. बारा लावले. दिवा मिणमिणला. पंधरा लावले. बटण दाबलं की पट्टी बेशुद्ध पडते. अठरा लावले. ठणठणीत.

मीनाने विचारलं की नऊवर चालणाऱ्या वस्तूला अठरा चालतात का. मी म्हटलं, वाटेत खर्च होतात.

२५ नोव्हेंबर, सोमवार

मोठी बातमी. दिंडोरीकडच्या एका वाइनरीने ऑर्केस्ट्राला ट्रायलला बोलावलंय. १५ डिसेंबर, रविवार, दुपारी चारला, द्राक्षबागेच्या कडेला लॉनवर. पसंत पडलं तर मार्चपर्यंत दर रविवारी कार्यक्रम. फकिराभाऊ फोनवर म्हणाले, मीनाताई गातील, चैताली कीबोर्ड, मी ऑक्टोपॅड, आणि भारतही असेल.

‘भारतही.’ हा ‘ही’ महत्त्वाचा. सगळे असतील, आणि शिवाय भारत, म्हणजे मी.

मीना आजपासून गरम पाणी पिते. सकाळी गच्चीवर जाऊन सूर लावते. मी तिला सांगितलं की टेन्शन घेऊ नको, मी आहे.

१ डिसेंबर, रविवार

३० तारीख गेली. पण केबल तयार आहे, म्हणजे तत्त्वतः वेळेतच झालं.

नवसाबाई परत आल्या. या वेळी बसल्या नाहीत. उभ्यानेच विचारलं की दुसऱ्याकडे नेऊ का. मी म्हटलं, आता आतली जुनी तार काढलीय, दुसरा कोण हात लावणार? खरं म्हणजे निम्मी काढलीय. उद्या उरलेली.

८ डिसेंबर, रविवार

शेडमध्ये प्रॅक्टिस. पट्टी तिन्ही गाण्यांत न विझता चालली. फकिराभाऊंनी माझ्याकडे बघून अंगठा वर केला. लंकाबाई म्हणाल्या, आज मीनाचा आवाज लय गोड लागतोय. केबलचा परिणाम सगळ्यांवर होतो.

चैताली खाली वाकून माझे प्लग बघत होती. मीटरने तपासू का, विचारलं. मी डब्यावर टॉवेल टाकला. पेटंटच्या आधी कोणाला आत बघू देत नाहीत. मग ती म्हणाली की निदान त्या दोन सॉकेटवर खुणा करा, दोन्ही एकसारखे दिसतात. मी सांगितलं, माझ्या लक्षात राहतं. कीबोर्ड फडक्यात गुंडाळताना ती हळूच म्हणाली, “काका, ही वायर माझ्या कीबोर्डजवळ आणू नका.”

असूया. या वयात असतेच. मी मनावर घेतलं नाही.

उलट तिच्यासाठी एक सरप्राइज ठरवलंय. तिच्या कीबोर्डच्या मागेही मिडीचं सॉकेट आहे. ट्रायलच्या दिवशी माझ्या डब्यातून एक केबल तिच्या कीबोर्डला जोडायची. मी पायाने बटण दाबलं की माझी गिटार आणि तिचा कीबोर्ड, दोन्हींचे आवाज एकदम बदलणार. एक पाय, दोन वाद्यं. वाइनरीवाले बघतच राहतील. आधी सांगितलं तर नाही म्हणेल, म्हणून सांगायचं नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

नवसाबाई जावयाला आणि टेम्पोला घेऊन आल्या आणि मोटार उचलून नेली. अर्धी उघडी, तारा लोंबत असलेली. मी जावयाला समजावत होतो की शास्त्रीय पद्धत अशीच असते, पण तो ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हता. नवसाबाई जाताना म्हणाल्या, अर्धा कोबी करपला, आता उरलेल्यावर शेळ्या सोडायच्या. आवाज चढवला नाही त्यांनी. त्यामुळे फार राग नसावा.

एका अर्थी बरं झालं. उद्याच्या आधी डोकं मोकळं पाहिजे होतं.

१५ डिसेंबर, रविवार. सकाळी ९.१०

काळा शर्ट इस्त्री केला. पट्टी पुसली. केबल गुंडाळली. मीनाने निळी पैठणी काढलीय. नाश्ता केला नाही. मी पोहे दोन घास जास्त खाल्ले. घरातल्या एकाने तरी शांत राहायला हवं.

आज इतिहास.

१६ डिसेंबर, सोमवार. दुपारी

वाइनरीचा सप्लाय खराब होता. हे पहिल्यांदा नमूद करतो.

क्रमाने लिहितो. साडेतीनला पोचलो. चैतालीने कीबोर्ड मांडला आणि पाणी प्यायला गेली. तेवढ्यात मी तिच्या कीबोर्डच्या मागे केबल खोचली आणि दुसरं टोक माझ्या डब्यात. दोन सॉकेटपैकी कोणतं, हे लक्षात होतं. फक्त डबा त्या वेळी उलटा ठेवलेला होता.

चैताली आली, उभी राहिली, पहिल्या गाण्याची सुरावट सुरू केली. चार सूर वाजले. मी बटण दाबलं नव्हतं. डब्याचं मेन बटण चालू केलं, एवढंच. कीबोर्डमधून टक् असा आवाज आला, स्क्रीन पांढरी झाली, मग काळी. मागून बारीक धूर निघाला. फार नाही. उदबत्तीइतका.

तिने मागे हात घातला आणि तिच्या हाताला ती वायर लागली. वायर कुठून येते ते बघत बघत तिची नजर माझ्यापर्यंत आली. मी सांगितलं, फ्लक्चुएशन आहे. तिने ती वायर उपसून खाली ठेवली, खुर्चीत बसून कीबोर्डवर दोन्ही तळवे ठेवले. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसे. रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

समोर साठ-सत्तर माणसं हातात ग्लास घेऊन बसलेली. मॅनेजर घड्याळ बघत होता. फकिराभाऊंनी मीनाकडे पाहिलं. मीनाने माइक स्टँडवरून काढला, एकदा डोळे मिटले आणि नुसतीच गायला लागली. कीबोर्ड नाही, काही नाही. फकिराभाऊंनी हळूच ठेका धरला. लोकांचं बोलणं थांबलं. ट्रॅक्टरवरचे मजूरही बांधावर येऊन उभे राहिले. ती पाऊण तास गायली. मी तिच्या मागे गिटार वाजवत होतो, पूर्ण जोमात. शेवटी लोक उठून उभे राहिले.

तेव्हा मला वाटलं की संकटात गिटारनेच तारलं.

पार्किंगमध्ये मी हेच फकिराभाऊंना म्हणालो. ते टेम्पोत ऑक्टोपॅड ठेवत होते. वळून म्हणाले, “भारत, दोन वर्षं झाली. तुझा फेडर खालीच असतो. तुझ्या पायाशी जो स्पीकर आहे, त्यात तेवढा तू वाजतोस.”

मला आधी कळलं नाही. मग कळलं. मिक्सरवर माझा आवाज बंद. साखरपुडे, हळदी, वाढदिवस, सगळीकडे. मी विचारलं, मग मला ठेवलंत कशाला.

ते म्हणाले, “मीनाताई येतात म्हणून.”

१७ डिसेंबर, मंगळवार

फकिराभाऊ रागात बोलले असतील. माणूस रागात काहीही बोलतो.

तरी मीनाला विचारलं. ती भाकरी थापत होती. थापणं थांबवलं नाही. म्हणाली, “मीच सांगितलं होतं त्यांना. तुमची गिटार चालू असली की माझा सूर हलतो.”

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, सांगितलं होतं, तीनदा. आणि भाकरी तव्यावर टाकली.

जुनी वही काढून बघितली. नोव्हेंबर २०२२ च्या पानावर माझ्याच अक्षरात आहे: ‘मीनाला सूर नीट ऐकू येत नाही असं दिसतं. कानाच्या डॉक्टरला दाखवावं.’ त्याखाली, आठवड्याने: ‘मीना डॉक्टरकडे जाऊन आली. कान ठीक. डॉक्टर बदलावा.’

१९ डिसेंबर, गुरुवार

वाइनरीचा फोन आला. कार्यक्रम पसंत आहे. ५ जानेवारीपासून दर रविवारी. फकिराभाऊंनी मीनाला फोन करून सांगितलं. मला मीनाने सांगितलं. गाणं, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड, एवढंच हवंय त्यांना. लॉन लहान आहे.

लॉन लहान नाही. पण ठीक.

चैतालीने कीबोर्ड मुंबईला दाखवून आणला. मुख्य बोर्ड जळालाय, तो आता मिळत नाही. मी चैतालीला फोन करून म्हटलं की मी बघतो, करंटमध्ये सव्वीस वर्षं काढलीत. ती म्हणाली, नको काका. इतकंच. मग फोन ठेवला नाही. मीही नाही. कारखान्याचा भोंगा ऐकू आला, तेव्हा तिने ठेवला.

२२ डिसेंबर, रविवार

गिटार आणि प्रोसेसर विकून चैतालीला नवा कीबोर्ड घेऊन द्यायचा, असा निर्णय मी घेतला. निर्णय घेऊन बाहेर आलो तर मीनाने शुक्रवारीच जाहिरात टाकली होती. आमचं असं आहे. मनं जुळलेली.

पिंपळगाव बसवंतहून एक शिक्षक आले. शाळेत मुलांना शिकवायला हवी होती. गिटार वाजवून बघितली, घेतली. प्रोसेसर घेतला. मी पट्टी दाखवली. त्यांनी मागचं झाकण उघडलं, आतलं माझं जोडकाम बघितलं, आणि झाकण लावून, सावकाश, दोन्ही हातांनी परत दिली. मी त्यांना कल्पना समजावून सांगितली. पाच पिना, दोन रिकाम्या. त्यांनी पूर्ण ऐकलं. चांगले शिक्षक असावेत.

गिटारची केस गाडीत ठेवताना ते म्हणाले की वाद्य फार चांगलं ठेवलंय, रोज वाजवत होता वाटतं. मी म्हटलं, हो, रोज. मीना दारात उभी होती. आत गेली.

२९ डिसेंबर, रविवार

पळशाला जाऊन आलो. मनात होतं की नवसाबाईंना सांगावं, पुढच्या वेळची मोटार फुकट भरून देईन. मोटार चालू होती. दुसऱ्या कोणीतरी दोन दिवसांत भरली. पाणी सोडलेलं होतं, पण वावर मोकळं. कोबीच्या जागी नुसते बुडखे आणि शेळ्यांच्या लेंड्या. नवसाबाईंनी चहा केला. मी काही न सांगता पिऊन आलो.

स्टेजवरून काही काळ बाजूला व्हायचं ठरवलंय. संशोधनाला वेळ मिळेल.

५ जानेवारी २०२५, रविवार. संध्याकाळी, दिंडोरी

वाइनरीत पहिला रविवार. फकिराभाऊंच्या टेम्पोत फुलं भरलेली, म्हणून मीनाला आणि चैतालीला मी गाडीने आणलं. नवा कीबोर्ड मागच्या सीटवर, चैतालीच्या मांडीवर.  म्हसरूळ मागे पडल्यावर मीनाने खिडकी वर केली, गळ्याला वारा नको म्हणून.

गेटवरच्या माणसाने यादी बघितली. मीना, चैताली यांच्या नावांपुढे खूण केली. माझं नाव नव्हतं. त्याने विचारलं, तुम्ही आर्टिस्ट की ड्रायव्हर. आर्टिस्टची गाडी आत, ड्रायव्हरांनी मागच्या शेडमध्ये बसायचं. मीना पदराचं टोक सारखं करत होती. चैताली बाहेर द्राक्षाच्या वेलींकडे बघत होती. दोघींपैकी कोणी बोलेल म्हणून मी वाट बघितली. मागून हॉर्न वाजायला लागले.

मी म्हटलं, ड्रायव्हर.

शेड बरी आहे. पत्र्याची, पण पंखा आहे. साडेपाचला जेवण दिलं, पुलाव आणि कढी. तिथेच बसून हे लिहितोय. लॉन भिंतीपलीकडे आहे, स्पीकर इकडे तोंड करून आहेत, त्यामुळे सगळं स्पष्ट ऐकू येतं. मीनाचा सूर अजिबात हलत नाही.

शेजारी मुंबईच्या कोणा पाहुण्यांचा ड्रायव्हर बसलाय. वय झालेलं आहे त्याचं. तिसऱ्या गाण्याला त्याने मोबाइल खाली ठेवला आणि मला विचारलं की ही बाई कोण गाते.

मी म्हटलं, “आमच्या मॅडम.”

तो म्हणाला, नशीबवान आहात, रोज ऐकायला मिळत असेल. मी हो म्हटलं. मग त्याने वाटीभर कढी माझ्याकडे सरकवली आणि आम्ही दोघं ऐकत बसलो.